एक शे

जळगाव स्टेशनवरच्या सरकत्या जिन्यावर जिजाअक्का त्या सकाळी आठ वेळा चढली. वर जायचं सरकत्या जिन्याने, खाली यायचं साध्या जिन्याने, की पुन्हा वर. मी खाली बाकावर दोघींच्या पिशव्या धरून बसले होते आणि लोक आमच्याकडे बघत होते. पहिल्या खेपेला तिने चपला काढून हातात घेतल्या. दुसऱ्या खेपेला लुगड्याचा काठ वर खोचला. तिसऱ्या खेपेला एका हमालाला राहवेना. म्हणाला, "मावशी, कुठे जायचंय?"

"न्यूयार्कले," अक्का म्हणाली.

हमालाने क्षणभर विचार केला. "ती गाडी इथून नाही लागत," म्हणाला आणि गेला.

अक्का पासष्टीची, गुडघे कुरकुरणारे. मी माहेरी जळगावला निघाले होते, तर ही धुळ्याहून माझ्याबरोबर आली ती खास या जिन्यासाठी. विमानतळावर असले जिने असतात असं कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. लंडनला विमान बदलायचं, तिथे आपण जिन्यापाशी अडलो आणि विमान निघून गेलं तर? आठव्या खेपेला ती दांड्याला हात न लावता वर गेली, वरून मला हात केला, आणि खाली येऊन धापा टाकत म्हणाली, "व्हई जाई, बाई. बठ्ठं व्हई जाई."

होऊन जाईल, सगळं होऊन जाईल. हे तिचं पालुपद. पीठ फसलं, व्हई जाई. नळाला पाणी नाही, व्हई जाई. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता, तो अचानक गेला, आठ वर्षांचा पोर पदरात, तेव्हाही म्हणे तेराव्या दिवशी ती एवढंच म्हणाली होती आणि चूल पेटवून बसली होती. मी तेव्हा त्या गल्लीत राहायला आले नव्हते, नाहीतर मी तिला गदगदा हलवलं असतं. मला असली माणसं बघून राग येतो. जगाने इतकं छळावं आणि यांनी म्हणावं, होऊन जाईल!

अक्का मूळची पिंपळनेरकडची. धुळ्यात देवपूरला आमची घरं समोरासमोर. उन्हाळ्यात तिचं अंगण म्हणजे कारखाना. ज्वारी भिजवायची, दळायची, मोठ्या पातेल्यात तीळ-लसूण-मिरची घालून घाटा शिजवायचा आणि ओल्या धोतरावर हाताने थापून त्याचे बिबडे घालायचे. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, खानदेशाबाहेरच्यांना सांगते. धुळ्यातली अर्धी लग्नं तिच्या बिबड्यांवर पार पडायची. गरम घाटा खायला गल्लीतली पोरं वाट्या घेऊन रांग लावत. अक्का प्रत्येकाच्या वाटीत तेलाची धार सोडायची आणि विचारायची, "आज शाळामा काय शिकनात?" उत्तर दिल्याशिवाय तेल नाही.

तिचा मुलगा भूषण माझ्या वर्गात होता, आठवी ते दहावी. मी भूगोल शिकवायचे. आता एक गोष्ट सांगते, सांगायला लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आमच्याकडे घराघरांत अहिराणी बोलतात. 'आहे' ला 'शे' म्हणतात. घर शे, शेत शे, माय शे. मी जळगावच्या शाळामास्तरांची मुलगी, आमच्या घरी पुस्तकी मराठी. वर्गात पोरांनी 'शे' म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "शे नाही, आहे म्हण!" तेहतीस वर्षं मी हे ओरडत आले. एकदा भूषणने पेपरात लिहिलं, 'अटलांटिक महासागर युरोपच्या पश्चिमेला शे.' मी लाल गोल केला, अर्धा मार्क कापला. हा पठ्ठ्या वर्गात उभा राहून म्हणतो, "बाई, पन समुद्र तं तठेच शे ना!" सगळा वर्ग हसला. मी त्याला पन्नास वेळा 'आहे' लिहायला लावलं. लिहिलं त्याने. त्यानंतर माझ्यासमोर कधी 'शे' म्हणाला नाही. पुढेपुढे आईशीही शहरी मराठीत बोलायला लागला. अक्का मोठ्या कौतुकाने मला सांगायची, "बाई, आते तो तुमनासारखा बोलस." मला अभिमान वाटायचा. काय अक्कल होती माझी!

भूषण हुशार निघाला. इंजिनिअर झाला, पुढच्या शिक्षणाला न्यूयॉर्कला गेला. क्वीन्स म्हणून त्या शहराचा एक भाग आहे, तिथे एका घराच्या तळघरातल्या खोलीत राहायचा. अक्काला ती गल्ली तोंडपाठ होती. समोर बंगाल्याचं किराणा दुकान. शेजारी कोरियन लोकांचं चर्च. वरच्या मजल्यावर एक्वाडोरचा रंगारी, त्याला तीन मुली. कोपऱ्यावर गुरुद्वारा, रविवारी लंगर. आणि घरमालकीण डॉलीबाई, गयाना देशातली. ही डॉलीबाई दिसायला आपल्यासारखी, नाव घेते हनुमानाचं, आरती म्हणते, पण त्यातलं अक्षर कळत नाही तिला. तिच्या पणजीला कोणे एके काळी बिहारकडून उसाच्या मळ्यात राबायला बोटीत घालून नेलं होतं. घाटा थापता थापता अक्का बायकांना सांगायची, "तठे एक गल्लीमा बठ्ठा देशना लोके ऱ्हातस. भांडन नही, काही नही. दिवाळीले मन्हा पोऱ्याना बिबडा कोरियावाला खास." खास म्हणजे खातो.

मग कोरोनाचा पहिला उन्हाळा आला. भूषणला ताप आला. दोन दिवस म्हणाला, बरं आहे, बरं आहे. तिसऱ्या दिवशी डॉलीबाई चहा घेऊन खाली गेली तर तो उठलाच नाही. सव्वीस वर्षांचा होता.

विमानं बंद होती. तिकडच्या दवाखान्यांत जागा नव्हती, स्मशानात जागा नव्हती. शेवटी त्याच्या दोन मित्रांनी आणि डॉलीबाईने मिळून काय ते केलं आणि राख तिथल्याच किनाऱ्यावर समुद्रात सोडली. आम्ही ते फोनवर पाहिलं. फोन मी धरला होता, कारण अक्काचे हात घाट्याने भरलेले होते. ऑर्डर होती. तिने हात धुतले नाहीत, रडली नाही. चित्र सारखं अडकत होतं. पाणी दिसलं, एक मडकं दिसलं, डॉलीबाईचा पांढरा स्कार्फ दिसला. फोन बंद झाल्यावर तिने मला विचारलं, "बाई, हाऊ कोनता समुद्र?"

मी भूगोलाची शिक्षिका. मी उत्तर दिलं, "अटलांटिक."

पुढची दोन वर्षं ती बिबडे घालत राहिली. दर रविवारी संध्याकाळी डॉलीबाईचा व्हिडिओ कॉल यायचा. या दोघी बोलायच्या म्हणजे काय, तर ही अहिराणीत, ती तिच्या त्या गयानाच्या इंग्रजीत. दोघींना सामाईक शब्द चार: माई, बेटा, रोटी, दाल. तेवढ्यावर पाऊण तास चालायचं. मी एकदा दुभाषीपणा करायला गेले तर अक्काने मला हातानेच गप्प बसवलं. डॉलीबाईने भूषणच्या वस्तू एका खोक्यात ठेवल्या होत्या. पार्सल करते म्हणाली. अक्का म्हणाली, "पार्सल नको. मी येसू." हे मात्र मला भाषांतर करायला लावलं.

आणि त्या दिवसापासून आमच्या दोन्ही घरांत अमेरिका शिरली.

अक्काला तीन गोष्टी करायच्या होत्या. एक, त्याची खोली बघायची. दोन, त्याने शेवटचं काय खाल्लं ते डॉलीबाईला विचारायचं. मी म्हटलं, अहो फोनवर विचारू की, मी विचारते. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी जीभ चावली. "असं फोनवर इचारतस का, बाई? जवळ बसीसन इचारानं ऱ्हास."

तिसरी गोष्ट तिने मला नकाशा पसरायला लावून सांगितली. मुंबईहून लंडन, लंडनहून न्यूयॉर्क. मी बोटाने रेघ दाखवली. ती लंडनच्या पुढच्या निळ्या भागावर बोट ठेवून म्हणाली, "हाऊच ना तो समुद्र?"

"हाच."

"याले वलांडाले किती टाइम लागस?"

"आठ तास."

तिने बोट त्या निळ्यावरून हळूहळू न्यूयॉर्कपर्यंत नेलं. "म्हनजे आठ तास मी त्यान्हा वरथीन जासू," म्हणाली.

मी उठून पाणी प्यायला गेले.

त्यानंतर विमानाचा बेत म्हणजे काय सांगू. मुंबईहून थेट विमानं असतात, ती सोपी, बदलायची भानगड नाही. पण अक्काला थेट नको. लंडनवरूनच जायचं, आणि तेही दिवसा, समुद्र दिसला पाहिजे. खिडकीची जागा. कोणत्या बाजूची खिडकी? मी म्हटलं डावी, त्या बाजूला मोकळा समुद्र जास्त. पंखावरची जागा नको, पंखाने झाकतं. "आनि ढग ऱ्हायनात तं?" तिने विचारलं. "ढग नसतात तिथे," मी ठोकून दिलं. तेहतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईने! अटलांटिकवर ढग नसतात म्हणे.

तिने खुर्चीला ओढणी बांधून पट्टा लावायचा सराव केला. बॅग भरायला घेतली तर कपडे दोन जोड्या आणि बाकी सगळे बिबडे. प्रत्येक घराचा वेगळा पुडा. बंगाल्याला तिखट, रंगाऱ्याच्या मुलींना बिनमिरचीचे, कोरियनाला लसणाचे, कारण त्याला लसूण आवडतो असं भूषण म्हणाला होता. गुरुद्वाऱ्याला मोठा पुडा. "ज्यास्नी त्याले सांभाळं त्यास्ना हाततोंडले काही लागाले पाहिजे," म्हणाली. एका पुड्यावर नाव नव्हतं. मी विचारलं, हा कोणाचा? तिने तो उचलून बॅगेच्या कप्प्यात घातला. "समुद्रना," म्हणाली.

पिंपळनेरहून तिचा दीर आला. माणूस वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही. चहा ओतून घेतला, बॅगेकडे बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, कसाले एवढी दगदग? तठे आते काय शे?"

अक्का बिबड्यांवरचं कापड सारखं करत होती. मान वर न करता म्हणाली, "शे."

दिराने माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. मी त्याला अर्ध्या चहावरून उठवलं. मला माझ्या आयुष्यातलं ते एक कृत्य आवडतं.

आता व्हिसाचा फॉर्म. तो मी भरला. माझ्या कॉम्प्युटरवर, माझा चष्मा लावून, माझ्या शहाणपणाने. नाव, जन्मतारीख, निमंत्रण कोणाचं, राहणार कुठे. मग एक प्रश्न आला: तिथे तुमचं जवळचं नातेवाईक कोणी आहे का? नवरा, मूल, भावंड. हो की नाही, दोनच चौकोन.

मी 'नाही' वर खूण केली. दुसरं काय करणार होते? खरं तेच होतं. पण अक्का शेजारच्या खुर्चीवर बसली होती. "काय इचारस तो?" म्हणाली. मी सांगितलं. आणि समजावलं, की बघा, मुलाखतीत हेच विचारतील. ज्यांचं तिथे कोणी असतं ती माणसं परत येत नाहीत असं त्यांना वाटतं. तुम्ही सांगायचं, कोणी नाही. मैत्रिणीकडे चाललेय, तीन आठवड्यांनी परत येणार, घर धुळ्यात आहे.

"कोनी नही," ती म्हणाली.

"'नाही' म्हणा. 'शे' 'नही' काही नको. तिथे दुभाषी बाई मुंबईची असते, तिला तुमचं कळायचं नाही."

"कोणी नाही," तिने माझ्यासारखं म्हणून दाखवलं.

महिनाभर मी तिची घोकंपट्टी घेतली. भाजी निवडताना, दळण आणताना मध्येच विचारायचं, "तिथे तुमचं कोण आहे?" ती म्हणायची, "कोणी नाही." अगदी स्वच्छ. मी शाबास म्हणायचे. देवा, शाबास म्हणायचे मी तिला!

मुंबईला आम्ही माझ्या भाच्याकडे उतरलो. मुलाखतीला अमेरिकन वकिलातीत तिला एकटीलाच सोडलं, मी रस्त्यापलीकडे झाडाखाली उभी. मला एवढं माहीत होतं: व्हिसा मंजूर झाला की पासपोर्ट ठेवून घेतात, शिक्का मारून मागाहून देतात. हातात परत दिला तर संपलं. अक्काला हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, जीव टांगणीला नको म्हणून.

दोन तासांनी ती बाहेर आली. पासपोर्ट छातीशी धरलेला. आणि हसत होती. रस्ता ओलांडून आली आणि म्हणाली, "बाई, पासपोर्ट परत दिधा माले. भलती चांगली बाई व्हती. थँक्यू बी म्हनी."

पासपोर्टात एक छापील कागद होता. मी वाचला. मग पुन्हा वाचला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि हसू हळूहळू कमी होत गेलं. शेवटी मी म्हटलं, "अक्का, नाही म्हणाले ते."

तिने पासपोर्ट माझ्या हातातून घेतला, उघडून बघितला, जणू माझं काही चुकलं असेल.

आत काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. थोडं परतीच्या गाडीत, थोडं पुढच्या आठवड्यात. पहिले दोन-तीन प्रश्न ठीक झाले. मग काचेमागच्या गोऱ्या बाईने विचारलं आणि दुभाषी मुलीने मराठीत सांगितलं, "आजी, तिथे तुमचे जवळचे नातेवाईक किती आहेत?"

मी तिला 'कोण आहे' शिकवलं होतं. 'किती' शिकवलं नव्हतं.

अक्का म्हणाली, "एक शे."

"एकशे?" ती मुलगी हसली. "शंभर?" तिने ते इंग्रजीत सांगितलं, तशी गोरी बाईही हसली. अक्काही हसली, कारण सगळे हसत होते. मग तिने बोट वर करून दाखवलं. एक. "मन्हा पोऱ्या."

"मुलगा? तिकडे असतो? काय करतो?"

अक्का म्हणाली, "समुद्रमा शे."

"समुद्रात? जहाजावर का?"

अक्काने मान हलवली. हो.

"अहो, हो का म्हणालात?" मी गाडीत ओरडलेच.

"ती बिचारी एवढी इचारी राहिनी व्हती," अक्का म्हणाली. "हो म्हनाले काय जास?"

फॉर्मात 'नाही'. तोंडी, मुलगा आहे, तिकडे आहे, जहाजावर नोकरीला आहे. कागद एक सांगतो आणि बाई दुसरंच. त्या काचेमागच्या बाईला मी दोष देत नाही. मी तिच्या जागी असते तर मीही लाल गोल केला असता. नव्हता का केला?

घरी आल्यावर मी रागाने नुसती धुमसत होते. चार दिवस तिच्याकडे गेले नाही. पाचव्या दिवशी गेले आणि गेल्यागेल्याच भडकले. "एक शब्द, अक्का! एक शब्द म्हणायचा होता! महिनाभर घोकून घेतला! पुन्हा अर्ज करता येतो. मी पत्र लिहिते, मृत्यूचा दाखला जोडते, सगळं समजावून सांगते. फक्त या वेळी 'कोणी नाही' म्हणायचं. म्हणाल ना?"

ती अंगणात धोतर पिळत होती. बिबड्यांचं. पिळून झटकलं, दोरीवर टाकलं. मग म्हणाली, "तोंडमाईन निंघनंच नही, बाई."

"का नाही निघालं? माझ्यापुढे तर निघत होतं!"

"तुमनापुढे गोष्ट येगळी. तुमले म्हाईत शे." ती ओट्यावर बसली. "त्यास्नी मोठा साहेब लोकेस्नी माले इचारं, तठे तुनं कोन शे? मी आठे बी नही म्हनू, तठे बी नही म्हनू, मंग तो कठे शे?"

मी दोरीवरचं धोतर उगाच सारखं केलं.

"पुन्हा जासू मी," ती म्हणाली. "शंभर येळा जासू. पन नही म्हननार नही. आनि बाई, तुम्हीन त्याले शाळामा कधी 'शे' म्हनू दिधं नही." हे ती रागाने म्हणाली नाही. मला तेच सोसलं नाही. "आते तरी म्हनू द्या."

पुन्हा अर्ज मी केला नाही. कोणत्या तोंडाने करणार? त्या चौकोनात काय भरू, तेच मला कळेना. 'नाही' भरलं तर ती मान्य करणार नाही, 'हो' भरलं तर ते मान्य करणार नाहीत. तिसरा चौकोन कोणी छापत नाही.

बॅग बरेच दिवस भरलेली होती. पावसाळ्यात बिबड्यांना वास यायला लागला तेव्हा तिने एकेक पुडा सोडला आणि गल्लीत वाटला. रंगाऱ्याच्या मुलींचे बिनमिरचीचे मला दिले, मला तिखट सोसत नाही म्हणून. बिननावाचा पुडा कोणाला दिला ते मी विचारलं नाही. डॉलीबाईचे फोन चालू होते, मग कमी झाले. तिचे डोळे गेले, मुलीने तिला फ्लोरिडाला नेलं. जाण्याआधी तिने खोकं पाठवलं. ते अक्काने उघडलं नाही. कॉटशेजारी ठेवलं आणि त्यावर पाण्याचा तांब्या ठेवायला लागली. त्याने शेवटचं काय खाल्लं हे विचारायचं राहूनच गेलं.

आणि 'व्हई जाई' बंद झालं. ते तिने कधी ठरवून बंद केलं असं नाही. पण एकदा नळ गेला, मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं, आणि ती फक्त बादली उचलून कोपऱ्यावरच्या बोअरकडे गेली. जे ऐकून मला पंधरा वर्षं राग येत होता, ते ऐकायला मी कान लावून बसायला लागले.

गेल्या वर्षी मी धुळं सोडलं आणि माझ्या भावाकडे जळगावला राहायला आले. निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो दारात, आणि मी अक्काच्या ओट्यावर चहा घेत होते. तेवढ्यात सर्वेवाली बाई आली. दर काही महिन्यांनी येतात, घरोघरची माणसं लिहून नेतात. ही नवीन होती, नाशिककडची. बिचारी उन्हाने घामाघूम. अक्काने तिला आधी पाणी दिलं. त्या खोक्यावरचाच तांब्या.

बाईने मोबाईल काढला. अक्काचं नाव टाकलं, वय टाकलं. मग विचारलं, "आजी, तुमच्याशिवाय या घरातली माणसं किती?"

अक्काने माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. तिने लुगड्याचा पदर सारखा केला आणि सांगितलं, "एक शे."

त्या बाईचं बोट मोबाईलवर थांबलं. "एकशे?" ती हसायला लागली. माझ्याकडे वळली, शिकलेली दिसतेय म्हणून. "मॅडम, काय म्हणतायत या? एकशे कसे?"

मी कप खाली ठेवला. माझ्या जिभेला तो शब्द सवयीचा नव्हता. सगळा जन्म मी तो दुसऱ्यांच्या तोंडातून काढून घेत आले होते. पण निघाला.

"शंभर नाही, बाई," मी म्हटलं. "त्यास्ना पोऱ्या शे. भूषण. एक शे. लिही."

तिने लिहिलं. वय विचारलं, मी सव्वीस सांगितलं. "सध्या कुठे असतो?" म्हणाली. मी सांगितलं, बाहेरगावी. ती पुढच्या घरी गेली.

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. अक्का उठली, रिकामे कप घेतले आणि आत जाता जाता थांबली. "बाई," म्हणाली, "तुमले अहिरानी बोलता येत नही. माले 'त्यास्ना' नही म्हनतस, 'इन्हा' म्हना." 'त्यांचा' नाही, 'हिचा'. एवढं माझं वाक्य दुरुस्त करून ती कप धुवायला मोरीत गेली. त्यानंतर मला ती दिसली नाही. हिवाळ्यात गेली, झोपेतच, त्याच्यासारखी. सरकारच्या कुठल्या तरी कागदात त्या घरात अजून एक माणूस आहे. म्हणजे, शे.